चालेनसाहेबांचा शब्द आणि जेनोआचे म्हातारे

अरिस्तिदेस चालेन यांनी जन्मात एकच गोष्ट परदेशी पाठवली होती, ती म्हणजे स्वतःची मुलगी येसेनिया. ती विमानाने गेली, विमान वेळेवर सुटलं आणि जेनोआला सुखरूप पोचल्याचा तिचा फोनही आला. त्यामुळे आमच्या ग्वायाकिल बंदरातून इटलीला काही पाठवायचं म्हणजे त्यात अवघड ते काय, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अख्खी नोकरी एका विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळण्यात घालवलेला हा माणूस. त्याची समजूत इतकी भाबडी कशी राहिली हे आमच्या गल्लीला अजून उलगडलेलं नाही. पण राहिली होती खरी.

ऑक्टोबरात येसेनियाचा फोन आला. “बाबा, इथल्या आपल्या मंडळाच्या सभेत मी शब्द देऊन बसलेय. यंदाचे म्हातारे ग्वायाकिलहून येणार, आणि ते तुम्ही पाठवणार.”

म्हातारे म्हणजे कागदाच्या लगद्याचे पुतळे. सरत्या वर्षाचा म्हातारा करून एकतीस डिसेंबरला तो जाळल्याशिवाय नवं वर्ष लागलं असं आमच्याकडे कोणी मानत नाही. जेनोआतली आपली मंडळी जुन्या पँटींत वर्तमानपत्रं कोंबून कसेबसे म्हातारे करायची, आणि ते बटाट्याच्या पोत्यासारखे दिसायचे. आमच्या गल्लीमागे मास्टर क्लेबरचा कारखाना आहे. त्याने केलेला पोलीस बघून खरे पोलीस सलाम ठोकतात.

“पाठवू की!” अरिस्तिदेसराव म्हणाले. “त्यात काय!”

“बाबा, ‘पाठवू की’ नाही चालणार. इथे एक राजधानीचा, किटोचा माणूस आहे. तो भर सभेत म्हणाला, ग्वायाकिलवाल्यांचा माल ना? मग ईस्टरला येईल! सगळे खदाखदा हसले. मी उठून सांगितलं, माझे बाबा एकतिसाच्या आत पोचवतील.”

“आणि समजा एक तारखेला पोचले तर?”

“एक तारखेला म्हातारा म्हणजे कचरा, बाबा. आणि मीसुद्धा.”

हे शेवटचं वाक्य अरिस्तिदेसरावांना लागलं. पोरगी तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या आजीआजोबांना भरवते, न्हाऊ घालते, त्यांची अंथरुणं बदलते. महिन्यातून एकदा मंडळाच्या सभेत पुढच्या खुर्चीवर बसते, ती तेवढीच तिची ऐट. ती ऐट आता बापाच्या हातात होती. फोन ठेवल्यावर त्यांनी बायकोला, नार्सिसाकाकूंना, सगळं सांगितलं. काकू केळ्याचे काप तळत होत्या.

“तुम्ही पाठवणार?” त्या म्हणाल्या. “कोपऱ्यावर पत्र टाकायला दिलं तर चार दिवस खिशात घेऊन फिरता, आणि तुम्ही बोटीने माल पाठवणार?”

अरिस्तिदेसरावांनी या प्रश्नाला उत्तर देणं आपल्या पदाला शोभणार नाही असं ठरवलं. पद म्हणजे अर्थात निवृत्त.

मास्टर क्लेबरला चाळीस पुतळ्यांचं काम दिलं. रेफरी, पोलीस, घरमालक, सासू, दात काढणारा डॉक्टर, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे खुद्द सरतं वर्ष: पांढरी दाढी, हातात सोटा, उंची दुमजली घराच्या गॅलरीला हात लावेल एवढी. तो आडवा करून, पाय दुमडूनच कंटेनरमध्ये जाणार होता. मग अरिस्तिदेसराव इस्त्रीचा शर्ट घालून बंदराजवळच्या एका जहाज कंपनीत गेले. तिथे वेलिंग्टन नावाचा तरुण इंजिनियर बसला होता. आमच्याकडे टाय बांधलेल्या कोणालाही इंजिनियर म्हणतात. तो पूल बांधतो की पावत्या फाडतो, असल्या खोलात कोणी जात नाही.

“माल काय, साहेब?”

“म्हातारे.”

वेलिंग्टनने कीबोर्डवरची बोटं उचलली. “जिवंत?”

“कागदाचे.”

“मग ‘कागद’ लिहितो.”

“कागद? अहो, कला आहे ती!”

“कला लिहिली तर हा राष्ट्रीय ठेवा नाही असा दाखला आणावा लागेल.”

“मग कागदच लिहा,” अरिस्तिदेसराव घाईघाईने म्हणाले.

“आतून सांगाडा कशाचा? बांबूचा? म्हणजे किडीसाठी धुरी दिल्याचा दाखला. पोटात काय?”

“भुसा.” खरं तर मास्टर क्लेबर पोटात फटाके भरतो, पण ते बोटीवर चालत नाहीत हे अरिस्तिदेसरावांनी आधीच त्याच्या कानावर घातलं होतं. तेव्हा तो आठवडाभर रुसला होता.

“विमा?”

इथे अरिस्तिदेसरावांची छाती फुगली. हा त्यांचा प्रांत! “उतरवायचा तर! बुडण्याचा, चोरीचा आणि मुख्य म्हणजे आगीचा.”

“आणि तिकडे पोचल्यावर या मालाचं काय करणार?”

“जाळणार.”

वेलिंग्टनने कीबोर्ड बाजूला सारला. अरिस्तिदेसरावांच्या चटकन लक्षात आलं की एवढा सुंदर दावा फेटाळण्याची संधी आपल्याला उभ्या नोकरीत मिळाली नाही, आणि ते थोडे उदास झाले. शेवटी आग वगळून विमा झाला, बुकिंग झालं, नंबर मिळाला. तो नंबर त्यांनी पाठ केला आणि दिसेल त्याला म्हणून दाखवला.

ठरलेल्या सकाळी गल्लीने कंबर कसली. चाळीसच्या चाळीस पुतळे रस्त्यावर आणून उभे केले. रस्त्यावर कायम ताणलेलं व्हॉलीबॉलचं जाळं उतरवलं. आमच्या गल्लीत तेवढा मान भल्याभल्यांच्या अंत्ययात्रेलाही मिळालेला नाही. नार्सिसाकाकूंनी सगळ्यांना कांदा घातलेलं माशाचं सार पाजलं. ऊन चढलं. सासूचा रंग घामासारखा ओघळायला लागला. एका कुत्र्याने सगळे पुतळे हुंगून शेवटी पोलिसाच्या पायाशी तंगडी वर केली. ट्रक मात्र आला नाही.

अरिस्तिदेसरावांनी फोन लावला.

“हां, चालेनसाहेब,” वेलिंग्टन म्हणाला, “तुमचं बुकिंग पुढच्या बोटीवर ढकललं.”

“कोणाला विचारून?”

“विचारून ढकलतात होय कुठे?”

“अहो, पण बुकिंग झालं होतं ना!”

“झालं होतं की. बुकिंग वेगळं, जागा वेगळी.”

हा भेद अरिस्तिदेसरावांना नवा होता. आपण इतकी वर्षं जगाला असले भेद समजावून सांगितले, आणि आज एक पोरगा आपल्यालाच शिकवतोय, याने ते फार दुखावले. संध्याकाळी पुतळे परत नेताना रेफरीचा कान तुटला आणि गल्लीत सल्ल्यांची पेटी उघडली.

सल्ल्यांचा मुख्य पुरवठा उल्बिओकडून होतो. तो समोर राहतो, व्हॉलीबॉल खेळतो आणि तरुणपणी वर्षभर बंदरात क्रेनखाली उभा राहायचा. एवढ्या बळावर जगातल्या जहाजांची कुंडली त्याच्याकडे असते. “एकच बुकिंग केलंत?” तो म्हणाला. “अहो शेजारी, कमालच केलीत. तीन करायची असतात! दोघे टांग देतात, एक नेतो.”

“आणि तिघेही आले तर?”

उल्बिओ इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. शेजारच्या पिएदादकाकूही हसल्या. “तिघेही म्हणे! माझा भाचा जहाज कंपनीत आहे ना, तो सांगतो, एक आला तरी देवापुढे मेणबत्ती लावावी.”

अरिस्तिदेसराव मात्र तत्त्वाचे. ते दुसऱ्या दिवशी तडक वेलिंग्टनसमोर जाऊन बसले. “मला एवढंच सांगा, जागा नव्हती तर हो का म्हणालात?”

वेलिंग्टन काही वाईट मुलगा नव्हता. त्याने पंखा त्यांच्याकडे वळवला. “साहेब, शंभर खोक्यांची, म्हणजे कंटेनरांची, जागा असली की आम्ही दीडशेंना हो म्हणतो. कारण पन्नास जण येतच नाहीत. परदेशी केळी पाठवणारे केळीवाले तर एकाच मालाचं चार ठिकाणी बुकिंग करतात.”

“चार ठिकाणी का करतात?”

“कारण आम्ही ढकलतो.”

“आणि तुम्ही का ढकलता?”

“कारण ते येत नाहीत.”

अरिस्तिदेसरावांनी पंखा परत त्याच्याकडे वळवला. मग त्यांच्या अंगात वारं शिरलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, की ज्या देशात कोणाचाच शब्द कोणाला बांधत नाही तिथे समुद्र तरी जागेवर कसा राहतो याचंच त्यांना नवल वाटतं. मागच्या रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माणूस वाहवत जातो. अरिस्तिदेसराव तर शिंकेनंतर कोणी ‘जपा’ म्हटलं तरी वाहवत जातात.

दुसऱ्या दिवशी ते परत गेले, पण एकटे नाहीत. सोबत मास्टर क्लेबर होता. क्लेबर बोलत नाही. त्याने खिशातून टेप काढली आणि वेलिंग्टनच्या कपाळाचं, मग नाकाचं, मग हनुवटीचं माप घेतलं.

“हे काय चाललंय?” वेलिंग्टन खुर्चीत मागे सरकत म्हणाला.

“करार,” अरिस्तिदेसराव म्हणाले. “या महिन्याच्या शेवटच्या बोटीवर माझा माल चढला तर उत्तम. नाही चढला, तर एकतीस डिसेंबरला तुमचा म्हातारा होणार. हाच टाय, हेच नाक. तुमच्या ऑफिससमोर जाळणार, रिवाजाप्रमाणे तुमच्या नावाचं मृत्युपत्र वाचून.”

“अहो, समोरच माझी सासू राहते!”

“मग तिला लांब जावं लागणार नाही.”

वेलिंग्टनने मास्टरच्या मोबाइलमधले आधीचे पुतळे बघितले. एका फोटोत पुतळा कोणता आणि माणूस कोणता ते त्याला ओळखता आलं नाही, तेव्हा तो गंभीर झाला. “बरं, आणि बोटीत जागा ठेवली नि तुम्हीच आला नाहीत तर?”

“मी?” अरिस्तिदेसराव इतके मनापासून दुखावले की त्यांनी चष्माच काढला. “मी आलो नाही तर माझा म्हातारा करा! मास्टर, घ्या माझंही माप!”

मास्टर क्लेबरने घेतलं. हातात हात मिळाले. ऑफिसातली सगळी माणसं साक्षीला उभी होती. अरिस्तिदेसराव घरी येईपर्यंत ताठ चालत होते. इथवर सगळं चोख होतं, आणि माणसाने इथेच थांबायला हवं होतं.

पण रात्रभर त्यांच्या डोक्यात उल्बिओचं हसणं घुमत राहिलं. ही शेवटची बोट. हिच्यानंतरची बोट जानेवारीत पोचते. शब्द आपण पाळणारच, पण सावधगिरी बाळगायला आपल्याला कोणी बंदी केली आहे? शिवाय प्रश्न आपला नव्हे, पोरीचा आहे. असा विचार करून ते आणखी दोन कंपन्यांत गेले, तेच भाषण केलं, तसेच दुखावले आणि मास्टरच्या टेपखाली आणखी दोनदा स्वतःचं नाक दिलं. प्रत्येक ठिकाणी ते मनापासून बोलत होते हे मी मुद्दाम सांगतो. तिन्ही वेळा त्यांचे डोळे पाणावले होते.

त्यांना न विचारता उल्बिओने आपल्या एका ओळखीच्या माणसाकडे चौथं बुकिंग केलं, आणि पिएदादकाकूंनी भाच्याकरवी पाचवं. शेजारधर्म. दोघांनीही अट ऐकलेली होती आणि दोघांनीही बेधडक सांगून टाकलं, “अहो, चालेनसाहेबांचं नाक म्हणजे आमचंच नाक!” अरिस्तिदेसरावांना हे कळलं तेव्हा त्यांना भरून आलं. पाचातला एक तरी येईल. ते शांत झोपले.

ठरलेल्या सकाळी पहिला ट्रक आला तो वेलिंग्टनचा. लांबलचक रिकामा निळा कंटेनर घेऊन तो आमच्या अरुंद गल्लीत शिरला आणि बंद टोकाला, चालेनांच्या दारात येऊन उभा राहिला. गल्लीने टाळ्या वाजवल्या. पुतळे बाहेर निघायला लागले. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला.

दुसरा ट्रक.

“अरे वा,” अरिस्तिदेसराव म्हणाले, पण आवाजात पूर्वीचा दम नव्हता.

तिसरा आला तेव्हा ते रेफरीच्या पुतळ्यामागे सरकले. चौथा आला तेव्हा उल्बिओ व्हॉलीबॉल काखेत मारून घरात गेला आणि त्याने आतून कडी घातली. पाचवा आला तेव्हा पिएदादकाकू कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. त्यांच्याकडे कुंड्या तीन, आणि दिवसभर त्या पाणी घालत होत्या. इकडे ट्रकला ट्रक चिकटला, गल्ली ठासून भरली. फळवाल्याची गाडी दोन कंटेनरांच्या मध्ये सापडली आणि त्याने तिथेच दुकान मांडलं.

झालं होतं असं, की पाचही कंपन्यांतल्या पाचही इंजिनियरांना आपापलं नाक प्यारं होतं. त्यांनी बड्या केळीवाल्यांची खोकी बाजूला काढून, वरिष्ठांशी भांडून, पाचही ठिकाणी चालेनसाहेबांची जागा राखली होती. आमच्या बंदरात असा प्रामाणिकपणा आजवर कोणी ऐकलेला नव्हता.

“चालेन कोण?” दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला.

अरिस्तिदेसराव रेफरीच्या पुतळ्यामागे उभे होते. आपण चालेन नसून चालेनचे लांबचे नातेवाईक आहोत असं सांगावं, असा विचार त्यांच्या मनात चमकून गेला. पण वरून गॅलरीतून नार्सिसाकाकू म्हणाल्या, “ते काय! रेफरीमागे, चष्मेवाले!”

माल भरायला सुरुवात झाली. पांढऱ्या दाढीचं सरतं वर्ष पाय दुमडून आत गेलं. सासूला घरमालकाच्या मांडीवर बसवावं लागलं, कारण जागाच तेवढी होती. दुपारपर्यंत वेलिंग्टनचा कंटेनर गच्च भरला, दारं लागली, सील ठोकलं. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की भरलेला ट्रक सगळ्यांत आत आहे आणि त्याच्या वाटेत चार रिकामे ट्रक उभे आहेत.

“बंदराचं फाटक संध्याकाळी बंद होतं,” वेलिंग्टनचा ड्रायव्हर म्हणाला. “त्याच्या आत पोचलो नाही तर बोट गेली समजा.”

“हलवा हो!” अरिस्तिदेसराव चौघांना म्हणाले.

चौघे हलेनात. सगळ्यांत मागचा ड्रायव्हर खाली उतरला, फळवाल्याकडून पपईची फोड घेतली आणि म्हणाला, “इंजिनियरसाहेबांनी बजावलंय. माल घेतल्याशिवाय यायचं नाही. नाहीतर चालेनसाहेबांनी स्वतःच्या तोंडाने फोनवर सांगायचं.”

“काय सांगायचं?”

“की मी शब्द मोडला.”

अरिस्तिदेसरावांनी फोन घेतला आणि आपलं सगळं कौशल्य पणाला लावलं. आधी धुरीच्या दाखल्याचं कारण सांगितलं. मग मास्टर क्लेबरला ताप आणला. मग बांबूला कीड लावली. मग गावाकडची एक मावशी वारली, ती तशीही वारलेलीच होती. पलीकडचा इंजिनियर सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, “साहेब, तुमच्यासाठी मी काल केळीवाल्याच्या शिव्या खाल्ल्यात. तुम्ही माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं होतं. आणखी किती ठिकाणी आणलंत ते तरी सांगा.”

गल्ली ऐकत होती. खिडक्या ऐकत होत्या. उल्बिओच्या दाराची कडी हळूच निघाली, कारण ऐकण्याचा मोह त्यालाही आवरेना. अरिस्तिदेसरावांनी आयुष्यात हजारो लोकांच्या तोंडून ‘चूक माझीच’ हे वाक्य काढून घेतलं होतं, पण स्वतः ते कधी उच्चारलं नव्हतं. ते तोंडाला इतकं कडू असेल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी बायकोकडे बघितलं.

नार्सिसाकाकू गॅलरीतून एवढंच म्हणाल्या, “अहो, पोरीची बोट आहे.”

“पाच,” अरिस्तिदेसराव फोनवर म्हणाले. मग घसा खाकरून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पाच ठिकाणी. बुकिंग केलं मी, माल देत नाही मी. शब्द मी मोडला. चूक माझी.”

मागचा ट्रक गुरगुरत उलटा निघाला. मग दुसरा फोन, तेच वाक्य. मग तिसरा. चौथ्या फोनला त्यांचा आवाज बसला होता, तरी ते शेवटपर्यंत बोलले. पिएदादकाकूंनी पाण्याचा ग्लास आणून दिला आणि नजर चुकवून परत कुंड्यांकडे गेल्या. फळवाल्याने स्वतःची गाडी हलवताना एक अख्खी पपई त्यांच्या हातात ठेवली. निळा ट्रक वळणावरून दिसेनासा झाला, आणि वेलिंग्टनचा फोन आला तो संध्याकाळी, “साहेब, फाटकातून आत गेला.” अरिस्तिदेसराव पपई मांडीवर घेऊन तसेच पायरीवर बसून होते.

डिसेंबर कसा गेला ते विचारू नका. ते रोज जहाज कुठे आहे ते मोबाइलवर बघायचे आणि गल्लीला सांगायचे, जणू बोट तेच वल्हवत होते. नाताळानंतर येसेनियाचा निरोप आला: “बोट लागली. पण कंटेनर बंदरातच अडकलाय. कस्टमवाले सुट्टीवर.” त्यानंतर तिचा फोनच लागेना.

आणि इकडे एकतीस तारीख आली.

करार म्हणजे करार. मास्टर क्लेबरकडे माप होतंच. त्याने केलेला अरिस्तिदेसरावांचा म्हातारा दारात खुर्चीवर बसवला होता. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर तो मनापासून दुखावल्याचा भाव. बघणाऱ्यांनी आधी पुतळ्यालाच नमस्कार केला. यावेळी मास्टरला कोणी अडवलं नव्हतं, त्यामुळे पोटात फटाके ठासून भरलेले होते. जाळायचं मध्यरात्री, पण अरिस्तिदेसरावांनी सांगितलं, “मामला जेनोआचा आहे, तर वेळही जेनोआची.” म्हणजे आमच्याकडच्या संध्याकाळी सहा वाजता, ढळढळीत उजेडात.

चार इंजिनियर चार विधवा होऊन आले. म्हाताऱ्याच्या विधवा आमच्याकडे पुरुषच होतात. काळे झगे, काळ्या ओढण्या, छातीत कोंबलेली वर्तमानपत्रं. एकाने तर मिशीसुद्धा उतरवली नव्हती. चौघी पुतळ्याच्या गळ्यात पडल्या आणि गल्ली दणाणून रडायला लागल्या.

“अरे अरिस्तिदेसा! मला बोलावलंस, दारात उभं केलंस, आणि रिकामीच परत पाठवलीस रे!”

“मला म्हणालास, तूच एकटी!”

“मलापण म्हणाला होता गं!”

नार्सिसाकाकूंनी चौघींना नीट निरखून घेतलं. “मिशीवाली त्यातल्या त्यात बरी आहे,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

वेलिंग्टन नोटरी झाला होता, कारण पाचांतल्या त्याच्या एकट्याशी केलेला करार पाळला गेला होता. टाय सरळ करून त्याने मृत्युपत्र वाचलं. “मी, अरिस्तिदेस चालेन, शुद्धीवर असताना असं लिहून ठेवतो की माझ्या डोळ्यांतले पाणी पिएदादबाईंच्या कुंड्यांना मिळावे. माझी पाठ केलेली भाषणे केळीवाल्यांना. आणि माझी चार रिकामी खोकी शेजारी उल्बिओला, त्याचे सल्ले ठेवायला.”

गल्ली हसून हसून वाकली. उल्बिओही हसला, पण जरा उशिरा. अरिस्तिदेसराव हसले नाहीत. ते मोबाइलकडे बघत होते. सहाला थोडीच मिनिटं उरली होती. हा पुतळा जळेल, हसतील, त्याचं त्यांना काही नव्हतं. पण तिकडे एखाद्या रिकाम्या मैदानात पोरगी उभी असेल आणि तो किटोवाला ईस्टरची आठवण करून देत असेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

“साहेब, लावू?” वेलिंग्टनने काडेपेटी काढली.

आणि फोन वाजला.

पडद्यावर आधी नुसता गोंगाट, मग अंधार, मग अंधारात दुमजली उंचीची पांढरी दाढी. तिच्याभोवती टोप्या-मफलर घातलेली शेकडो माणसं, आणि मध्ये येसेनिया, नाक थंडीने लाल झालेलं.

“बाबा! आत्ता दुपारी सोडला कंटेनर! आम्ही डोक्यावरून आणले सगळे. चाळीसच्या चाळीस! तो किटोवाला बघा, सासू खांद्यावर घेऊन नाचतोय!”

“रेफरीचा कान?” अरिस्तिदेसरावांनी विचारलं.

“कान चिकटवलेला आहे तसाच आहे. बाबा, ही माणसं तुम्हाला बघायचं म्हणतायत. म्हणतायत, शब्द पाळणारा माणूस दाखव.”

चारही विधवा एकदम खोकल्या. नार्सिसाकाकूंनी फोन हातात घेतला. तिकडे लोक मोठ्याने उलटे आकडे म्हणायला लागले होते.

“आई, ऐक! मी येतेय. फेब्रुवारीत, कार्निव्हलला. तिकीट काढलंय.”

काकूंनी फोन आणखी जवळ धरला. इतक्या वर्षांनी पोरगी घरी येणार होती. तेव्हा अरिस्तिदेसरावांनी वाकून फोनमध्ये तोंड घातलं आणि अनुभवी माणसाच्या आवाजात विचारलं, “किती काढलीस?”

“एकच, बाबा. एकच काढलंय. म्हणजे मला यावंच लागेल.”

तिकडे पांढऱ्या दाढीने पेट घेतला. अरिस्तिदेसरावांनी वेलिंग्टनच्या हातातून काडेपेटी काढून घेतली.

“द्या इकडे,” ते म्हणाले. “माझं मीच लावतो.”